थंडीत न गोठणारे डिझेल

वसईजवळचे पापडी गाव माडांच्या मुलखातले. थंडीच्या दिवसांत तेथे पहाटे खोबरेलाची बाटली उपडी केली, तरी थेंबही पडत नाही. खोबरेल साधारण २४ अंश से. खाली गोठू लागते आणि वसईची थंडी तेवढ्याला पुरते. बाटली घटकाभर उन्हात ठेवली की काम भागते. पण ही बाटली म्हणजे मालमोटारीची टाकी आहे, आतले तेल म्हणजे डिझेल आहे आणि गाव लडाखमधील द्रास आहे, अशी कल्पना करा. तेथे पारा उणे २० अंशांच्याही खाली उतरतो. गाडीत औषधे आहेत, धान्य आहे, आणि इंजिन मुळी सुरूच होत नाही! अशा वेळी टाकीखाली जाळ करण्याचा जिवावरचा उपाय चालक करीत आले आहेत.

असे का होते? डिझेल हा एकच एक पदार्थ नव्हे. कार्बन व हायड्रोजन यांच्या अनेक संयुगांचे ते मिश्रण असते. त्यांतील काही रेणू म्हणजे कार्बन अणूंच्या लांब, सरळ साखळ्या असतात. माडाच्या झावळीचे हीर काढून खराटा बांधताना तुम्ही पाहिलेच असेल. हीर सरळ असल्यामुळे एकमेकांना चिकटून मुठीत घट्ट बसतात. तेच फांद्या फुटलेल्या काटक्यांची जुडी बांधून पाहा, ती फुगलेलीच राहते. सरळ रेणूंचेही असेच आहे. तापमान उतरले की ते शेजारीशेजारी रचले जातात आणि मेणाचे पातळ, चपटे स्फटिक तयार होतात. तेल आधी गढूळ दिसते. मग हे स्फटिक इंधनाच्या गाळणीवर साचतात. शंभर भागांत एखाद-दोन भाग मेण सुटले तरी गाळणी तुंबायला पुरते. बाकीचे तेल पातळ असूनही इंजिन उपाशी राहते.

मग हे सरळ रेणू काढूनच का टाकू नयेत? येथेच खरी मेख आहे. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबून तापवलेल्या हवेत इंधनाचा फवारा आपोआप पेटावा लागतो, आणि या कामी सरळ साखळीइतका तरबेज रेणू दुसरा नाही. सोळा कार्बनांच्या सरळ साखळीला सीटेन म्हणतात. चटकन पेट घेण्याच्या मोजपट्टीवर, म्हणजे सीटेन अंकात, त्याला १०० गुण देतात. पण शुद्ध सीटेन १८ अंशांनाच गोठते; पापडीच्या गारठ्यातसुद्धा त्याचा भरवसा नाही! उलट आयसोसीटेन पाहा. तेच सोळा कार्बन, तेच चौतीस हायड्रोजन, पण साखळीला सात फांद्या. पाणी गोठते त्याच्या कितीतरी खालीही ते द्रवच राहते, मात्र त्याचा सीटेन अंक अवघा १५. रेणुसूत्र एकच, पण आकार बदलला आणि गुण पालटले.

कृत्रिम डिझेल बनविणाऱ्यांपुढे हा पेच जास्तच ठळकपणे उभा राहतो. १९२५ च्या सुमारास जर्मनीत म्युलहाइम येथील कोळसा संशोधन संस्थेत फ्रान्झ फिशर व हान्स ट्रॉप्श यांनी कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन या वायूंपासून द्रव इंधन तयार करून दाखविले. दक्षिण आफ्रिकेत १९५५ पासून कोळशापासून, तर मलेशियातील बिंटुलू येथे १९९३ पासून नैसर्गिक वायूपासून या मार्गाने इंधन बनू लागले. कोबाल्टसारख्या उत्प्रेरकावर एकेक कार्बन जोडला जाऊन साखळी वाढत जाते, आणि ती बहुतेक सरळच वाढते. त्यामुळे गंधक जवळजवळ नसलेले, झकास पेटणारे इंधन मिळते, पण गारठ्यात त्याचे मेण होते. वनस्पती तेलावर हायड्रोजनची प्रक्रिया केली तरी बहुतेक पंधरा ते अठरा कार्बनांच्या सरळ साखळ्याच हाती येतात.

यावरचा तोडगा मोठा चतुर आहे. साखळीला फांदी फोडायची, पण एखाद-दुसरीच! त्यासाठी दुहेरी उत्प्रेरक वापरतात. त्यातील प्लॅटिनम रेणूतून दोन हायड्रोजन अणू काढून घेते, आम्लधर्मी भाग कार्बनांची मांडणी बदलून फांदी तयार करतो आणि प्लॅटिनम पुन्हा हायड्रोजन परत देते. आम्लधर्मी भाग बहुधा झिओलाइट किंवा तशाच सच्छिद्र पदार्थाचा असतो. त्यातील बोगदे मिलिमीटरच्या सुमारे वीस लाखाव्या भागाइतके अरुंद असतात. त्यांत सडपातळ सरळ रेणू शिरतो, पण पुष्कळ फांद्यांचा रेणू मावत नाही. म्हणून फांद्यांवर आपोआप मर्यादा पडते. तापमान वाजवीपेक्षा वाढले तर मात्र साखळ्या तुटतात आणि डिझेलऐवजी पेट्रोलच्या जातीचे हलके तेल पदरी पडते. जास्त थंडी सोसणारे डिझेल हवे असेल, तर ते हाती कमी येते; हा सौदा कारखानदाराला करावाच लागतो. रेणूची मांडणी झिओलाइटकरवी बदलण्याचे हे तंत्र आपल्याकडे परके नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने १९८० च्या दशकात झायलीन या द्रवाच्या रेणूंची फेरमांडणी करणारा झिओलाइट उत्प्रेरक विकसित केला आणि तो बडोद्याच्या कारखान्यात वापरला गेला.

लडाखसाठी इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये हिवाळी डिझेल आणले. ते पानिपतच्या शुद्धीकरण कारखान्यात तयार झाले आणि उणे ३३ अंशांपर्यंत वाहते राहते. ते खनिज तेलापासूनचे आहे, कृत्रिम नव्हे. विमानाच्या इंधनाची अट याहून कडक असते: उणे ४७ अंशांपर्यंत त्यात स्फटिक राहता कामा नयेत. डेहराडूनच्या भारतीय पेट्रोलियम संस्थेने वनस्पती तेलापासून असे जैवइंधन बनविले. २७ ऑगस्ट २०१८ रोजी ते नेहमीच्या इंधनात मिसळून एका प्रवासी विमानाने डेहराडून ते दिल्ली उड्डाण केले. जानेवारी २०२० मध्ये, ऐन हिवाळ्यात, वायुसेनेचे एएन-३२ विमान दोन्ही इंजिनांत दहा टक्के जैवइंधनाचे मिश्रण घेऊन चंदीगडहून निघाले आणि लेहच्या धावपट्टीवर उतरले.