अंथरूण ओले करणारी मुले

शाळेच्या वार्षिकांकात अशा विषयावर लेख आलेला पाहून काही वाचकांना नवल वाटेल. क्वचित कोणी नाकही मुरडील. परंतु हा अंक विद्यार्थ्याच्या दप्तरातून घरी जातो आणि घरातील वडीलधारी माणसेही तो चाळतात, हे ध्यानात घेऊनच मी हा विषय निवडला आहे. जी गोष्ट कितीतरी घरांत घडते आणि जिच्याविषयी घराबाहेर कोणी अवाक्षर काढीत नाही, तिच्याविषयी एकदा स्पष्ट बोललेले बरे. मी वैद्य नाही. कलाशाखेचा पदवीधर आणि भाषेचा शिक्षक आहे. या विषयाकडे मी वळलो तो माझ्या हातून घडलेल्या एका चुकीमुळे.

मी दुसऱ्या एका शाळेत असताना आठवीच्या वर्गाची दोन रात्रींची सहल कोल्हापूर आणि पन्हाळा येथे न्यावयाची ठरली. बहुतेक मुलांनी दोन दिवसांत नावे दिली. एक मुलगा मात्र काही केल्या नाव देईना. अभ्यासात हुशार, खेळात चपळ आणि इतिहासाचा विशेष नादी. पैशांची अडचण असेल म्हणून मी त्याला एकट्याला बोलावून विचारले, तर तीही नव्हती. तेव्हा मी भर वर्गात म्हणालो, "पन्हाळ्याच्या वेढ्याची गोष्ट रंगवून सांगतोस, आणि आईला सोडून दोन रात्री राहवत नाही होय?" वर्ग हसला. तो खाली मान घालून उभा राहिला. दुसऱ्या दिवशी त्याची आई शाळेत आली. बराच वेळ ती काही बोलेना. मग हळूच म्हणाली, "सर, तो भित्रा नाही. त्याचे अंथरूण अजून भिजते."

त्या दिवशी मला स्वतःची जेवढी लाज वाटली तेवढी क्वचितच वाटली असेल. पुढे या विषयावर जे वाचावयास मिळाले ते मी वाचले आणि एका बालरोगतज्ज्ञांना भेटून शंका विचारल्या. त्यांतून जे समजले ते पालकांपुढे व विद्यार्थ्यांपुढे ठेवीत आहे.

पहिली गोष्ट ही की, हा प्रकार मुळीच दुर्मिळ नाही. पाच वर्षांच्या १०० मुलांपैकी सुमारे १५ मुले झोपेत अंथरूण ओले करतात. म्हणूनच पाच वर्षांच्या आतील मुलाच्या बाबतीत वैद्य याला विकार समजतच नाहीत. त्यानंतर दरवर्षी अशा मुलांपैकी सुमारे सातात एक मूल काहीही उपचार न करता बरे होते. तरीही सातव्या वर्षी शंभरांत ५ ते १० आणि पंधराव्या वर्षीही शंभरांत एक-दोन मुले उरतातच. मुलींपेक्षा मुलग्यांत हे प्रमाण अधिक आढळते. या हिशेबाने ५०० विद्यार्थ्यांच्या एखाद्या हायस्कुलात ही चिंता उशाशी घेऊन निजणारे विद्यार्थी पाच-दहा तरी असावयाचे. आणि त्यांतील प्रत्येकाला वाटत असते की, साऱ्या जगात असा मी एकटाच. वस्तुतः शार्ङ्गधरसंहितेसारख्या जुन्या वैद्यकग्रंथातही बालरोगांमध्ये 'शय्यामूत्र' हे नाव आलेले आहे. म्हणजे ही तक्रार शेकडो वर्षांची जुनी आहे.

मग हे घडते का? मूल आळशी असते, हट्टी असते, मुद्दाम करते, अशी अनेकांची समजूत असते. ती साफ चुकीची आहे. याची मुख्य कारणे तीन. आपल्या मेंदूतून व्हॅसोप्रेसिन नावाचा एक रस रक्तात मिसळतो व तो मूत्रपिंडांना मूत्र कमी तयार करण्याची सूचना देतो. सामान्यतः रात्री हा रस अधिक प्रमाणात येतो, म्हणूनच आपण रात्रभर न उठता झोपू शकतो. काही मुलांत ही व्यवस्था उशिरा सुरू होते आणि रात्रीही दिवसाइतकेच मूत्र तयार होत राहते. दुसरे कारण मूत्राशयाचे. मुलाच्या वयात एक मिळवून ३० ने गुणले असता त्याच्या मूत्राशयात साधारणपणे किती मिलिलिटर मावावे याचा अंदाज येतो. सात वर्षांच्या मुलाच्या बाबतीत हे प्रमाण सुमारे २४० मिलिलिटर, म्हणजे जेमतेम एक पेला. काही मुलांच्या मूत्राशयात रात्री तेवढेही राहू शकत नाही. तिसरे कारण झोपेचे. मूत्राशय भरल्याची वर्दी मेंदूकडे जाते, परंतु मूल जागे होत नाही. घंटा वाजते, पण पहारेकरी गाढ निजलेला असतो. या तिन्ही गोष्टी मुलाच्या इच्छेवर चालत नाहीत.

यात आनुवंशिकतेचा भागही मोठा आहे. आईवडिलांपैकी एकाला बालपणी हा त्रास असेल, तर मुलाला तो होण्याचा संभव शंभरांत सुमारे ४४ इतका, आणि दोघांनाही असेल तर सुमारे ७७ इतका मानला जातो. तेव्हा मुलावर हात उगारण्यापूर्वी वडिलांनी आपल्या आईला एकांतात विचारून पाहावे की, "माझे कितव्या वर्षी थांबले होते?" पुष्कळदा त्या उत्तराने उगारलेला हात आपोआप खाली येईल.

माझ्या लहानपणी आमच्या एकत्र कुटुंबात माझा एक धाकटा चुलतभाऊ असाच अंथरूण भिजवीत असे. आमच्याकडील पावसाळ्यात चार-चार दिवस ऊन पडत नाही. गोधड्या वाळत नाहीत आणि घरभर कुबट वास सुटतो. अशा दिवसांत काकू त्रासून जाई आणि ओली गोधडी त्याच्याच डोक्यावर देऊन त्याला सर्वांसमोरून पडवीत पाठवी. आम्ही भावंडे टाळ्या पिटीत असू. आजी मात्र आपल्या कोकणीत म्हणे, "न्हिदिल्लो तो, ताका कितें खबर!" झोपला होता तो, त्याला काय ठाऊक! आजीने वैद्यकाचे एकही पुस्तक वाचलेले नव्हते. परंतु वर सांगितलेल्या सर्व शास्त्राचे सार तिच्या त्या एका वाक्यात होते.

म्हणून मार देणे, चटक्याची भीती घालणे, पाहुण्यांसमोर सांगणे, धाकट्या भावंडाशी तुलना करणे, या गोष्टी पालकांनी कटाक्षाने टाळाव्यात. निजलेल्या मुलाला शिक्षेची आठवण राहात नाही; जागेपणी मात्र ती त्याला जाळीत राहते. भीतीने अंथरूण कोरडे होत नाही, उलट त्रास वाढण्याचाच संभव असतो.

आता करावे काय, ते पाहू. मुलाने दिवसभर भरपूर पाणी प्यावे. पाणी तोडल्याने हा त्रास जातो ही समजूत खोटी आहे. मात्र सकाळी व दुपारी अधिक आणि झोपण्यापूर्वीच्या एक-दोन तासांत कमी, असा क्रम ठेवावा. संध्याकाळचा चहा, कॉफी आणि कोला बंद करावा. शाळेत लघवी तुंबवून धरू नये. दर दोन-तीन तासांनी जाऊन यावे. या बाबतीत आम्हा शिक्षकांचेही कर्तव्य आहे. तासाला परवानगी मागणाऱ्या मुलाला "मधल्या सुट्टीत जा" असे सांगून बसवू नये. निजण्यापूर्वी लघवीला जाण्याचा नियम पाळावा. मोरी किंवा शौचालय दूर असेल, तर वाटेत मंद दिवा लावून ठेवावा. किती मुले केवळ काळोखाच्या भयाने उठत नाहीत! गादीवर मेणकापड घालून वर चादर अंथरावी आणि उशाशी कोरडे कपडे ठेवावेत. ओली चादर बदलण्याच्या कामी मुलाने मदत करावी. परंतु ती मदत म्हणून, शिक्षा म्हणून नव्हे. कोरड्या रात्रीबद्दल बक्षीस लावू नये, कारण ती मुलाच्या हाती नसते. झोपण्यापूर्वी लघवीला जाणे, वेळेवर पाणी पिणे, या त्याच्या हातातील गोष्टींबद्दल अवश्य कौतुक करावे.

आणखी एका गोष्टीकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही, ती म्हणजे मलावरोध. पोट साफ होत नसेल, तर साचलेल्या मळाचा दाब शेजारच्या मूत्राशयावर पडतो. भाज्या, फळे व पुरेसे पाणी यांनी, आणि जरूर तर वैद्याच्या औषधाने, पोट साफ होऊ लागले की कित्येक मुलांचे अंथरूणही कोरडे राहू लागते.

एवढ्याने भागले नाही, तर दुसरा चांगला उपाय घंटेचा. याचा इतिहास मोठा मौजेचा आहे. १९०४ साली फाउंडलर नावाच्या बालरोगतज्ज्ञांनी मुलाचे अंथरूण भिजल्याचे परिचारिकांना तत्काळ कळावे म्हणून एक विजेची घंटा बसविली. परिचारिकांची सोय व्हावी एवढाच हेतू. परंतु घंटेमुळे मुलेच बरी होऊ लागली! पुढे १९३८ साली अमेरिकेत माउरर दांपत्याने या पद्धतीचा व्यवस्थित प्रयोग करून दाखविला. आज हे यंत्र लहान झाले आहे आणि कपड्याला अडकविता येते. पहिला थेंब पडताच ते वाजते, मूल जागे होते, आणि हळूहळू मेंदू घंटेच्या आधीच जागा होण्यास शिकतो. सुरुवातीस आईवडिलांनाच उठून मुलाला जागे करावे लागते, कारण घंटेने घर उठते पण मूल उठत नाही. दोन-तीन महिने चिकाटी धरल्यास सुमारे दोन-तृतीयांश मुलांना गुण येतो. सलग १४ रात्री कोरड्या गेल्यावर घंटा बंद करून पाहतात. डेस्मोप्रेसिन नावाचे औषधही आहे. पण ते घेतल्यावर रात्री पाणी फार बेताने प्यावे लागते, म्हणून वैद्याच्या सल्ल्याखेरीज ते कदापि देऊ नये.

काही लक्षणे दिसल्यास मात्र मुळीच वाट पाहू नये. सहा महिने वा अधिक काळ कोरडे राहिलेले मूल पुन्हा अंथरूण भिजवू लागले, त्याला सारखी तहान लागू लागली किंवा ते वाळू लागले, तर मधुमेहाची शंका घेऊन त्याच दिवशी वैद्याकडे न्यावे. लघवीला जळजळ, ताप, दिवसाही कपडे भिजणे, पायांत अशक्तपणा, झोपेत जोराने घोरणे, हीही तपासणीची कारणे होत. कधी कधी कारण मनाचे असते. नवे भावंड, बदललेली शाळा, घरातील मृत्यू किंवा भांडणे यांचाही परिणाम होतो. तेथे औषधापूर्वी जवळ घेऊन विचारपूस करणे आवश्यक असते.

विद्यार्थिमित्रांनो, आता तुमच्यासाठी दोन शब्द. तुमच्यापैकी कोणाला हा त्रास असेल, तर यात तुमचा कोणताही अपराध नाही. आईला, वडिलांना किंवा विश्वास वाटेल अशा शिक्षकांना सांगा. आणि ज्यांना तो नाही, त्यांना एखाद्या मित्राचे हे गुपित कळले, तर ते आपल्यापाशीच ठेवा.

त्या मुलाचे पुढे काय झाले, हे सांगून लेख पुरा करतो. मी भर वर्गात चुकलो होतो, म्हणून क्षमाही भर वर्गातच मागितली. कारण मात्र सांगितले नाही. त्याच्या आईवडिलांनी त्याला तज्ज्ञांना दाखविले आणि घंटेचा उपाय सुरू केला. पुढील वर्षीच्या सहलीसाठी त्याने सर्वांत आधी नाव दिले. धर्मशाळेत त्याचे अंथरूण माझ्या शेजारी, दाराजवळ होते, आणि माझ्या पिशवीत एक चादर व कपड्यांचा एक जोड जास्तीचा होता. पहिली रात्र कोरडी गेली. दुसऱ्या रात्री पहाटे त्याने मला हळूच हलविले. मी चादर बदलली, आणि आम्ही दोघेही पुन्हा झोपलो. सकाळी कोणालाही काही कळले नाही. आज तो महाविद्यालयात आहे. हा लेख मी त्याच्या अनुमतीने लिहिला आहे. "सर, अवश्य लिहा," तो म्हणाला, "त्या वेळी मला असे काही वाचावयास मिळाले असते, तर बरे झाले असते."