आभाळातली उतरंड

मागच्या महिन्यात आपला कार्यक्रम संपता संपता एका मावशींचा फोन आला. त्यांचा मुलगा दुबईला कामाला असतो. सुट्टीवर येताना त्याचं विमान मुंबईजवळ येऊनही उतरेना, पाऊण तास घिरट्या घालत राहिलं. घरी आल्यावर त्यानं हे हसत हसत सांगितलं, पण मावशींच्या पोटात गोळा आला. "विमान बिघडलं होतं का गं?" त्यांनी विचारलं. तेव्हा आम्हाला उत्तर देता आलं नाही. मग आम्ही वाचलं, जाणकारांना विचारलं. त्यातून जे कळलं ते आज सांगतो.

विमानतळावरचा काचेचा उंच मनोरा आपण चित्रात पाहिलेला असतो. पण येणाऱ्या विमानांना धावपट्टीपर्यंत आणणारी माणसं बहुतेक वेळा त्या मनोऱ्यात नसतातच. ती रडारच्या पडद्यासमोर एका मंद उजेडाच्या खोलीत बसतात. त्यांना अप्रोच कंट्रोलर म्हणतात. साधारण शेवटच्या शंभर किलोमीटरचा प्रवास त्यांच्या हाती असतो. पडद्यावर प्रत्येक विमानाचा एक ठिपका, आणि शेजारी त्याचं नाव, उंची, वेग. वैमानिकाशी फक्त रेडिओवर बोलायचं. सांगायच्या गोष्टी तीनच: कुठल्या दिशेला वळ, किती उंचीवर ये, वेग किती ठेव.

दिशा आधी वारा ठरवतो. धान्य उफणताना आपण वारा पाहूनच उभ्या राहतो ना, तसंच. विमान शक्यतो वाऱ्याला सामोरं जाऊन उतरतं, म्हणजे जमिनीवर टेकताना त्याचा वेग कमी राहतो. पावसाळ्यात मुंबईत वारा समुद्राकडून येतो, त्यामुळे विमानं घाटकोपरच्या बाजूनं, समुद्राकडे तोंड करून उतरतात. आता दुबईहून येणारं विमान तर समुद्रावरूनच येणार. मग त्याला शहर ओलांडून पूर्वेला न्यायचं आणि तासाच्या टोकाला बैल वळवावेत तसं वळवून परत आणायचं. शेवटच्या टप्प्यात धावपट्टीजवळच्या यंत्रांचे अदृश्य रेडिओ किरण विमानाला वाट दाखवतात. त्या वाटेनं विमान एक किलोमीटर पुढं गेलं की साधारण पन्नास मीटर खाली येतं. आपल्या घाटातल्या रस्त्यापेक्षाही सौम्य उतार!

मुंबईच्या विमानतळावर दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे एका वेळी एकच चालवावी लागते. त्याच एका पट्टीवरून उतरायचंही आणि उडायचंही. असं असून तिथं एका दिवसात हजारावर विमानांची ये-जा झालेली आहे.

म्हणून कंट्रोलरचं खरं काम म्हणजे मोकळी जागा राखणं. विमानतळाजवळ दोन विमानांत सहसा किमान साडेपाच किलोमीटरचं अंतर, नाहीतर वरखाली हजार फूट, म्हणजे तीनशे मीटर. मोठ्या विमानामागे हवेचे भोवरे उठतात, ते लहान विमानाला उलथं पाडू शकतात. म्हणून मोठ्याच्या मागे अगदी हलकं विमान असेल तर अंतर दुप्पट, अकरा किलोमीटर.

आणि पाऊस कोसळतोय, समोरचं दिसत नाही, पट्टी काही वेळ बंद, तर? तेव्हा मागून येणाऱ्यांना थांबवावं लागतं. पण विमान एस.टी.सारखं वाटेत उभं राहू शकत नाही. म्हणून त्याला लांबट गोल फेऱ्या मारायला सांगतात. एक फेरी सुमारे चार मिनिटांची. एकाच जागी चार-पाच विमानं असली तर एकावर एक, मधे हजार-हजार फूट सोडून. घरातली उतरंडच म्हणा. फरक एवढाच, की उतरंडीतलं वरचं मडकं आधी काढतात, इथं खालचं विमान आधी निघतं आणि बाकीची एकेक पायरी खाली सरकतात. अशा थांबण्यासाठी आणि गरज पडली तर दुसऱ्या गावच्या विमानतळावर जाण्यासाठी इंधन आधीच भरलेलं असतं. तर मावशी, नुसत्या घिरट्यांवरून विमान बिघडलं असं समजायचं नाही. बहुतेक वेळा ते उतरंडीत आपली पाळी येण्याची वाट बघत असतं.

आता सगळ्यात नाजूक भाग, आकडा. आपल्या बैठकीत एकोणसाठ की एकोणसत्तर यावरून कितीदा गोंधळ होतो! म्हणून आपण रक्कम दोनदा बोलतो. तिथंही तसंच आहे. कंट्रोलरनं उंची सांगितली की वैमानिकानं तीच परत म्हणायची आणि कंट्रोलरनं ती कान देऊन ऐकायची. इंग्रजी 'नाइन' हा आकडा खरखरीत 'फाइव्ह'सारखा ऐकू येऊ शकतो, म्हणून रेडिओवर मुद्दाम 'नाइनर' म्हणतात.

पण आकडा बरोबर बोलला गेला तरी तो पाळलाही गेला पाहिजे. १२ नोव्हेंबर १९९६च्या संध्याकाळी दिल्लीकडे येणाऱ्या कझाकस्तानच्या विमानाला पंधरा हजार फुटांवर राहायला सांगितलं होतं. समोरून सौदी अरेबियाला निघालेलं विमान चौदा हजारांवर होतं. समोर विमान आहे, हेही कंट्रोलरनं सांगितलं होतं. तरी कझाक विमान ठरल्या उंचीच्या खाली आलं आणि हरियाणातल्या चरखी दादरीजवळ दोन्ही आदळली. अवशेष शेतांत पडले. ३४९ माणसं गेली, एकही वाचलं नाही. सौदी विमानात पोटासाठी आखाती देशांत निघालेले पुष्कळजण होते, मावशींच्या मुलासारखेच.

तेव्हा दिल्लीच्या रडारवर विमानाची जागा दिसायची, उंची दिसत नसे. येणाऱ्या-जाणाऱ्यांची वाटही एकच होती. नंतर वाटा वेगळ्या केल्या, उंची दाखवणारं रडार आलं, आणि दुसरं विमान फार जवळ आलं तर इशारा देणारं यंत्र विमानांत सक्तीचं झालं. ते यंत्र एकाला 'वर जा' म्हणतं, दुसऱ्याला 'खाली जा'. तशा वेळी कंट्रोलर काहीही सांगो, वैमानिकानं यंत्राचंच ऐकायचं असा नियम आहे. माणसाची चूक होऊ शकते हे मान्य करूनच हा नियम केलाय, आणि आम्हाला तो फार पटला.

परवा मावशींना फोन करून हे सगळं सांगितलं. त्यांनी लगेच दुसरा प्रश्न टाकला, "त्या खोलीत बायका असतात का?" असतात, मावशी. भरती भारतीय विमानतळ प्राधिकरण करतं. पदवीला भौतिकशास्त्र आणि गणित हवं, किंवा इंजिनिअरिंग केलेलं हवं, शिवाय इंग्रजी नीट बोलता यायला हवं. प्रशिक्षण प्रयागराज आणि हैदराबादला होतं, आणि आपल्या गोंदियातही.