अळवावरचे पाणी आणि खिडकीचे गज

आमचे कोकणातले घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आहे आणि त्याच्या खिडक्यांचे गज हा आम्हां भावांतला जुना वादविषय आहे. दादा दर दिवाळीला त्यांना रंग देतो. मी मे महिन्यात जातो तेव्हा त्या रंगाला फोड आलेले असतात. गंज लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो, म्हणून तो रंगाला आतून फुगवतो. यंदा एका गजाला मी नुसता धरला, तर तो खालून तुटून माझ्या मुठीत आला! दादा म्हणाला, "तू प्रोफेसर ना? मग काढ काहीतरी उपाय."

आता मी पडलो मराठीचा प्राध्यापक. वीस वर्षे मुलांना 'अळवावरचे पाणी' म्हणजे क्षणभंगुर, असे सांगत आलो. शेवटी आमच्या कॉलेजातल्या रसायनशास्त्राच्या सहकाऱ्याला गाठले, तर त्याने माझ्यापुढे अळवाचेच पान धरले. "तुम्ही साहित्यिक मंडळी थेंबाची काळजी करता," तो म्हणाला, "पानाकडे कोण बघतो?"

बॉन विद्यापीठाचे वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म बार्थलॉट यांनी मात्र पानाकडे पाहिले. क्रिस्टोफ नाइनहुइस यांच्यासह त्यांनी १९९७ साली कमळाच्या पानाचे गूढ उकलणारा लेख प्रसिद्ध केला. पानावर मेण असते, एवढ्याने भागत नाही. त्यावर मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शाएवढे उंचवटे असतात आणि त्यांवर मेणाची त्याहून बारीक लव. थेंब टेकतो तो या टोकांवर. खाली हवा कोंडलेली राहते. थोडक्यात, थेंब पानावर नसतोच, बराचसा हवेवर असतो! शास्त्रज्ञ अशा पृष्ठभागाला 'जलविरोधी' म्हणतात. मला 'जलविरक्त' हा शब्द सुचला होता. सहकाऱ्याने तो ऐकलाच नाही.

लोखंड गंजायला पाणी आणि प्राणवायू दोन्ही लागतात, आणि पाणी खारे असले की काम झपाट्याने होते. मग पाण्याला धातूला शिवूच दिले नाही तर? सहकाऱ्याने अ‍ॅल्युमिनियमची पट्टी सौम्य आम्लाने खरबरीत केली, उकळत्या पाण्यात ठेवली आणि मद्यार्कात विरघळवलेल्या स्टिअरिक आम्लात बुडवली. हे आम्ल मेणबत्त्यांतही वापरतात. वाळल्यावर पट्टीवर पाणी टाकले, तर ते पाऱ्यासारखे गडगडत गेले. मिठाच्या पाण्यात पट्टी चांदीसारखी चकाकली. ती चकाकी तिला बिलगलेल्या हवेची. गज वाचले, असे मी मनाशी ठरवून टाकले.

पाचव्या दिवशी चकाकी जागोजाग विझलेली होती. कोंडलेली हवा हळूहळू पाण्यात विरघळते. खिळ्याने ओरखडा काढला तिथे तर थेंब चिकटूनच बसला. हवेचे चिलखत ते, टिकणार किती?

यावर २०११ साली हार्वर्ड विद्यापीठात जोआना आयझेनबर्ग यांच्या गटाने वेगळी वाट काढली. त्यांचा गुरू कमळ नव्हे, घटपर्णी. या किडे खाणाऱ्या वनस्पतीच्या ओल्या काठावरून मुंग्या घसरून आत पडतात. पृष्ठभागाच्या सूक्ष्म छिद्रांत हवेऐवजी पाण्यात न मिसळणारा स्निग्ध द्रव भरायचा. बारीक ओरखडा पडला, तर शेजारचा द्रव ओघळून येतो आणि तो बुजवतो. धातूंवरही असे लेप देऊन पाहिले गेले आहेत. द्रव संपत जातो, ही मात्र त्याची अडचण.

हे ऐकताना मला आईची विळी आठवली. भाजी चिरून झाली की ती विळी धुते, कोरडी पुसते आणि पात्यावर खोबरेल तेलाचे बोट फिरवते. विळी माझ्या मुंजीच्या आधीची आहे. पाते झिजले, पण गंजले नाही. तिच्याही तेलाची अडचण तीच, रोज लावावे लागते. बत्तीस गजांना रोज तेल कोण लावणार?

सहकाऱ्याने अखेर जुनाच उपाय सांगितला: गज नवे घ्या, वितळलेल्या जस्तात बुडवून आणा. ओरखडा पडलाच, तर आधी जस्त झिजते आणि लोखंड वाचते. वरून रंग दिला तर आणखी उत्तम.

मी दादाला फोन करून हे सगळे सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले.

"म्हणजे रंग द्यायचाच आहे ना?" तो म्हणाला. "मग या दिवाळीला तू ये. ब्रश दोन आहेत."