फोर्कलिफ्ट कलंडते तेव्हा

मंडळी, मागच्या वेळी आपण कारण आणि दोष यांतला फरक पाहिला. आज तोच फरक कारखान्याच्या गोदामात नेऊन तपासू.

‘चालकाचा निष्काळजीपणा’ हे दोन शब्द अपघाताच्या अहवालात हटकून सापडतात, आणि आपणही ते वाचून पान उलटतो. पण आधी फोर्कलिफ्टची रचना बघा. पुढे काट्यांवर माल, मागे त्याला तोलून धरणारं जड वजन. मागचा आस मधोमध एकाच बिंदूवर टेकलेला. म्हणजे चार चाकं दिसली तरी गाडी उभी असते त्रिकोणावर: पुढची दोन चाकं आणि मागचा तो बिंदू. गाडी-मालाचा एकत्रित गुरुत्वमध्य त्या त्रिकोणाबाहेर गेला की संपलं. काटे उंच ठेवून जोरात वळलं तर एवढं व्हायला वेळ लागत नाही. शिवाय वळतात ती मागची चाकं. वळताना मागची बाजू बाहेर फेकली जाते आणि शेजारून चालणारा माणूस भिंतीशी चिरडला जाऊ शकतो.

गाडी कलंडताना शरीर म्हणतं, उडी मार. नेमका तिथेच घात होतो, कारण छताच्या चौकटीखाली माणूस सापडतो. पट्टा लावून, स्टिअरिंग घट्ट धरून बसून राहायचं, हे उपजत येत नाही, शिकवावं लागतं. आणि शिकवलंच नसेल तर?

नैयायिक कापडाच्या कारणांत तंतू सांगतात, तंतूंचा संयोग सांगतात, आणि निमित्त म्हणून विणकराबरोबर मागही सांगतात. आपले अहवाल मात्र विणकराला धरतात आणि माग सोडून देतात.

इंग्लंडात 1837 साली प्रिस्टली विरुद्ध फाउलर हा खटला गाजला. गाडीत माल वाजवीपेक्षा जास्त भरलेला. ती मोडली आणि खाटकाच्या नोकराची मांडी मोडली. न्यायालयाने मालकाला सोडलं. का, तर नोकराला नाही म्हणता आलं असतं! रोजंदारीवरच्या माणसाने एकदा नाही म्हणून बघावं.

आपल्याकडे 1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने प्रश्नच बदलला. इजा कामामुळे आणि कामाच्या ओघात झाली का, एवढंच पाहायचं. मालकाचा दोष सिद्ध करायची गरज नाही. कामगार दारू प्यायला होता किंवा त्याने सुरक्षेचा नियम जाणूनबुजून मोडला आणि त्यातून इजा झाली, तर मालक सुटू शकतो. पण मृत्यू झाला असेल तर ती वाटही या कायद्याने बंद केली. नवऱ्याने नियम मोडला होता, एवढं सांगून त्याच्या विधवेला दारातून परत पाठवता येत नाही.