किड्यांच्या पाळणाघरातले कोळी

अकलूजच्या भोवतालचा टापू म्हणजे नीरा उजव्या कालव्याच्या पाण्यावर वाढलेल्या उसाचा मुलूख. ऊस आला की त्याच्यामागून खोडकिडा आणि कांडीकिडा हे आलेच. एकदा अळी कांडीच्या पोटात शिरून बसली, म्हणजे वरून औषध फवारले तरी ते तिच्या अंगाला लागणे कठीण. म्हणून तिला अंड्यातच गाठावे लागते. हे काम ट्रायकोग्रामा करते. ही गांधीलमाशीच्या दूरच्या नात्यातली, अर्धा मिलिमीटर लांबीची माशी. ती किडीच्या अंड्यात आपले अंडे घालते, आणि त्यातून अळीऐवजी नवी ट्रायकोग्रामा बाहेर पडते. एकरी एक कार्ड, आठ-दहा दिवसांच्या अंतराने पानाला टाचायचे, एवढेच शेतकऱ्याचे काम.

पण हे कार्ड तयार कसे होते? त्यासाठी प्रयोगशाळेत तांदळावरील पतंग पाळतात. भरडलेल्या ज्वारी-बाजरीत त्याच्या अळ्या पोसतात. चाळीसेक दिवसांनी पतंग निघू लागतात. त्यांची अंडी गोळा करून अतिनील प्रकाशाखाली आतला गर्भ मारतात आणि कार्डावर चिकटवितात. एका कार्डावर 20,000 च्या आसपास अंडी असतात. मी काही कीटकशास्त्रज्ञ नव्हे, कॉलेजात अर्थशास्त्र शिकवितो. पण इतक्या स्वस्तात इतके मजूर कुठे मिळतील?

आता या पाळणाघराचा शत्रू पाहू. तो म्हणजे सूक्ष्म कोळी. जाळे विणणारा घरातला कोळी नव्हे, त्याचा आठ पायांचा बारीक भाऊबंद. एक जात पतंगाची अंडी शोषते. दुसरी, पायमोटिस, अळ्यांचे रक्त पिते. तिची मादी फुगून मण्यासारखी गोल होते, आणि पिल्ले तिच्या पोटातच पूर्ण वाढून बाहेर येतात. म्हणजे बालपण वगैरे भानगडच नाही! ट्रे हाताळणाऱ्या माणसाच्या अंगालाही ती खाज आणते. दुर्लक्ष झाले तर खोलीच्या खोली बसते.

तुम्ही म्हणाल, शेतात मित्रकिडे सोडतो, तसे इथेही सोडावेत. प्रश्न रास्त आहे, पण इथेच खरी मेख आहे. ब्लॅप्टोस्टेथस नावाचा एक छोटा परभक्षी ढेकूण भाजीवरचे लाल कोळी खातो. मात्र प्रयोगशाळेत त्याला वाढवितात ते याच पतंगाच्या अंड्यांवर. त्याला या खोलीत सोडणे म्हणजे दुधाच्या राखणीला मांजर ठेवणे. ब्लाटिसोशियस हा परभक्षी कोळीही पतंगाची अंडी खातो, वर पतंगाच्याच अंगावर बसून प्रवास करतो. स्टेथोरस हा काळा, इवलासा ढालकिडा पतंगाला त्रास देणार नाही, पण त्याला पानावरचे कोळीच लागतात. भरड्यात तो उपाशी मरेल. ब्रॅकॉन ही माशी तर नारळावरच्या अळीचा नाश करते म्हणून शेतात आपण तिचे स्वागत करतो. पतंगाच्या खोलीत मात्र तीच अळ्यांवर तुटून पडते.

जिथे पाळलेले किडे दमट, कुजक्या पालापाचोळ्यात राहतात, तिथे गोष्ट निराळी. शेपटीखालच्या चिमट्याने उड्या मारणारे स्प्रिंगटेल तिथली बुरशी खाऊन टाकतात, आणि बुरशीवर जगणाऱ्या कोळ्यांचे अन्नच तुटते. युरोपात चेकोस्लोव्हाकियामध्ये चेलेटस नावाचा शिकारी कोळी धान्यकोठारांतल्या पिठातील कोळ्यांवर सोडण्यासाठी मुद्दाम वाढविला गेला. पण कोठार राखणे वेगळे आणि अंडी देणारा पतंग राखणे वेगळे.

म्हणून ट्रायकोग्रामाच्या प्रयोगशाळेत अजून साधे उपायच चालतात. भरडा आधी चांगला तापवून घेतात. अडीच किलो भरड्याला पाच ग्रॅम पाण्यात मिसळणारे गंधक घालतात. ते कोळ्याला बाधते, अळीला मानवते. अळ्यांची खोली आणि अंड्यांची खोली वेगळी ठेवतात. कोळी लागलेला ट्रे वाचवीत बसू नये, तो खोलीबाहेर नेऊन नष्ट करावा. दोन-चार ट्रेंचा लोभ महागात पडतो, हे माझे अर्थशास्त्रही सांगते.

कार्ड घेणाऱ्यानेही डोळे उघडे ठेवावेत. ट्रायकोग्रामाने अंडे घातलेले पतंगाचे अंडे तीन-चार दिवसांत काळे पडते. भिंगाखाली बहुतेक अंडी सारखी काळी आणि टपोरी दिसली, तर कार्ड घ्यावे. बरीचशी चपटी, सुकलेली, पांढुरकी असतील तर ते परत करून दुसरे मागावे, आणि कार्ड कोणत्या दिवशी भरले तेही विचारावे.