मालमोटारीचा उच्छ्वास

नांदेडहून लातूरकडे जाणारा रस्ता लोहा, अहमदपूर, चाकूर अशी गावे घेत जातो. नांदेड गोदावरीच्या काठी वसले आहे, तर लातूर बालाघाटाच्या पठारावर, नांदेडपेक्षा दोनशे मीटरांहून अधिक उंचीवर आहे. साहजिकच ऊस, तूर किंवा सिमेंट लादून निघालेल्या मालमोटारीला वाटेत अनेक चढ चढावे लागतात. एखादी जुनी मालमोटार चढावर काळा धूर ओकीत, कण्हत कण्हत चाललेली दिसते. “इंजिन म्हातारे झाले,” असे लोक सहज म्हणून जातात. कधी कधी मालकही तेच खरे मानून इंजिन खोलण्यासाठी मोठा खर्च करतो. परंतु दोष नेहमीच वयाचा असतो असे नाही. काही वेळा इंजिनाचा उच्छ्वास कोंडलेला असतो.

मुलांनो, इंजिनालाही श्वासोच्छ्वास असतो, हे ऐकून तुम्हांस नवल वाटेल. डिझेल इंजिनाच्या सिलिंडरमध्ये एक दट्ट्या खालीवर होत असतो. तो प्रथम खाली येतो, तेव्हा हवा आत येते. तो वर जातो, तेव्हा ती हवा दाबली जाऊन अतिशय तापते. त्या तप्त हवेत डिझेलचा फवारा उडताच ते पेटते व दट्ट्याला जोराने खाली ढकलते. मालमोटार चालते ती याच धक्क्याच्या बळावर. शेवटी दट्ट्या पुन्हा वर येतो आणि जळलेला वायू झडपेतून बाहेर लोटतो. हा वायू ज्या नळीतून मागे जातो तिला एक्झॉस्ट पाइप म्हणतात. गॅरेजमधील मिस्त्री मात्र पुष्कळदा सबंध नळीलाच सायलेन्सर म्हणतात.

ही नळी किती रुंद असावी? लोह्याजवळ माळेगावला मार्गशीर्षात खंडोबाची मोठी यात्रा भरते. यात्रेतील हजारो माणसे एका अरुंद बोळातून एकदम बाहेर पडू लागली, तर काय होईल? पुढची माणसे अडतील, मागची रेटा देतील आणि नव्याने येणाऱ्यांना आत जागाच मिळणार नाही. अरुंद नळीत वायूचीही तशीच गत होते. दट्ट्याला तुंबलेल्या वायूशी झुंजावे लागते व चाकांना मिळावयाची शक्ती तेथेच खर्च होते. शिवाय थोडा जळका वायू सिलिंडरमध्येच उरतो. त्यामुळे ताजी हवा कमी येते, डिझेल पुरते जळत नाही आणि त्याची काजळी काळ्या धुराच्या रूपाने बाहेर पडते. डिझेल अधिक लागते, इंजिन अधिक तापते, आणि काम मात्र कमी होते.

आता थोडे गणित करून पाहू. टाटांनी १९५४ मध्ये जर्मनीतील डाइम्लर-बेंझ या कंपनीशी करार करून जमशेदपूर येथे मालमोटारी बनविण्यास आरंभ केला. पुढे त्यांचे ‘६९७’ नावाचे इंजिन देशभर प्रसिद्ध झाले. त्याचे नावच बोलके आहे : सहा सिलिंडर आणि प्रत्येकाचा व्यास ९७ मिलिमीटर. या सहा सिलिंडरांत मिळून सुमारे ५.७ लिटर हवा मावते. दर दोन फेऱ्यांत इंजिन एकदा एवढी हवा घेते. म्हणून मिनिटाला २००० फेरे होत असतील, तर मिनिटाला सुमारे ५७०० लिटर, म्हणजे सेकंदाला ९५ लिटर हवा आत जाईल.

परंतु हवा तापली की फुगते. बाहेर पडणारा वायू सुमारे ४८० अंश सेल्सिअसपर्यंत तापलेला असला, तर तो जवळजवळ अडीचपट जागा व्यापतो. म्हणजे दर सेकंदाला सुमारे २४० लिटर वायू नळीतून गेला पाहिजे! नळी आतून २ इंच व्यासाची असेल, तर त्याला सेकंदाला सुमारे ११८ मीटर वेगाने धावावे लागेल. ३ इंची नळीत हा वेग सुमारे ५३ मीटर, तर ४ इंची नळीत केवळ ३० मीटर होतो. व्यास निम्मा केला की वेग चौपट होतो, आणि घर्षणाचा अडथळा तर सुमारे ३२ पट वाढतो. एका इंचाची कंजुषी केवढी महाग पडते, ते यावरून दिसेल.

मग सर्वांत रुंद नळीच सर्वांत उत्तम, असे तुम्ही म्हणाल. तसेही नाही. अडथळा एकदा पुरेसा कमी झाला, की नळी आणखी रुंद करून शक्तीत फारशी भर पडत नाही. उलट वजन व खर्च वाढतो, गाडीखालची जागा अडते आणि आवाजही मोठा होऊ शकतो. ६९७ सारख्या, हवा दाबून भरणारा टर्बो नसलेल्या इंजिनाला ३ इंचांच्या आसपासची नळी योग्य ठरते. टर्बो बसविला, तर इंजिन अधिक हवा घेते. तेव्हा नळीही त्या मानाने रुंद लागते.

जाणता मिस्त्री नळी निवडताना प्रथम निर्मात्याने दिलेले माप पाहतो. तो व्यास बाहेरून नव्हे, आतून मोजतो. नळी कोठे चेपली आहे काय, सायलेन्सर काजळीने भरला आहे काय, वळणे फार तीव्र आहेत काय, हेही तो तपासतो. कारण एक चेपलेला भाग साऱ्या रुंद नळीवर पाणी फिरवतो. हवेचा फिल्टर काळ्या मातीच्या धुळीने तुंबला किंवा डिझेलचे नोझल बिघडले, तरीही काळा धूर येतो. म्हणून तो घाईने नळीलाच दोष देत नाही. मात्र २०२० पासून विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्यांच्या नळीत धूर शुद्ध करणारी साधने असतात. त्या नळीत फेरफार करणे योग्य नव्हे.

नळीला भोक पडले, तर धोका आणखी वाढतो. विषारी वायू केबिनमध्ये शिरून चालकाला गुंगी येऊ शकते. डिझेलच्या धुरामुळे कर्करोग होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये जाहीर केले. म्हणून नळीचा प्रश्न केवळ मालकाच्या पैशाचा नाही. चालक, क्लीनर आणि रस्त्याकडेने शाळेला जाणारी मुले, या सर्वांच्या आरोग्याशी तो निगडित आहे.

यंत्राला लाड नको असतात, तशी उपासमारही नको असते. त्याची गरज मोजावी आणि तेवढे त्याला द्यावे. असे केले, तर जुनी मालमोटारही बालाघाटाचा चढ न कण्हता चढून जाईल.