माग्दा नाखमान : पीटर्सबर्ग ते मुंबई

चित्रकार माग्दा नाखमान यांचा जन्म १८८९ मध्ये सेंट पीटर्सबर्गमध्ये झाला. वडील ज्यू, आई जर्मन वंशाची. झ्वान्त्सेवा यांच्या कलाशाळेत त्या लेऑन बाक्स्ट आणि पुढे पेत्रोव-वोद्किन यांच्याकडे शिकल्या. चित्रात शेजारी आलेले रंग एकमेकांना कसे तोलतात, यावर बाक्स्ट यांचा भर असे.

१९१३ च्या उन्हाळ्यात त्या क्रिमियातील कोक्तेबेल येथे कवी वोलोशिन यांच्या घरी राहिल्या. तिथे त्यांनी कवयित्री मारिना त्स्वेतायेवा यांना समोर बसवून तैलरंगात रंगवले. तेव्हा त्स्वेतायेवा अवघ्या वीस वर्षांच्या होत्या. चित्रात निळा पोशाख घातलेली ही मुलगी दिसते, पुढे गाजलेली कवयित्री नव्हे. चित्राचे मोल यातच आहे.

क्रांतीनंतरची काही वर्षे नाखमान यांनी हलाखीत, खेड्यातल्या हौशी नाटक मंडळीसाठी काम करत काढली. मॉस्कोत त्यांची भेट एम. पी. टी. आचार्य यांच्याशी झाली. आचार्य मूळचे मद्रासचे. लंडनच्या इंडिया हाउसमध्ये सावरकरांच्या वर्तुळात वावरलेले आणि १९२० मध्ये ताश्कंदला भारतीय कम्युनिस्ट पक्षाच्या स्थापनेत सहभागी झालेले हे क्रांतिकारक पुढे अराजकवादाकडे वळले. १९२२ मध्ये दोघांचा विवाह झाला आणि त्याच वर्षी ते बर्लिनला गेले. तिथल्या रशियन निर्वासितांत नाखमान यांचे नाव झाले. १९२८ मधील त्यांच्या प्रदर्शनावर लेखक व्लादिमिर नाबोकोव यांनी लिहिले, तर १९३३ मध्ये त्यांनी नाबोकोव यांचे व्यक्तिचित्र काढले. ते पुढे हरवले.

नाझी सत्तेवर आल्यावर बर्लिन सोडणे भाग पडले. स्वित्झर्लंडमार्गे आचार्य १९३५ मध्ये मुंबईत पोहोचले आणि नाखमान १९३६ मध्ये. वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी त्यांचा हा तिसरा देश. पदरी पैसा नव्हता, संसार मुख्यतः व्यक्तिचित्रांवर चाले. बॉम्बे आर्ट सोसायटीच्या प्रदर्शनांत त्या चित्रे मांडत. व्हिएन्नाहून आलेल्या नर्तकी हिल्डे होल्गर यांच्या नृत्यांची रेखाटने त्यांनी केली, मुंबईतली कष्टकरी माणसेही रंगवली. मुंबईच्या आधुनिक चित्रकलेच्या इतिहासात चित्रकार लँगहॅमर, समीक्षक लेडन आणि संग्राहक श्लेसिंगर या तीन युरोपीय पुरुषांची नावे हमखास येतात. लँगहॅमर यांच्या दोन वर्षे आधी आलेल्या आणि पंधरा वर्षे इथे काम केलेल्या या बाईंचा उल्लेख क्वचितच होतो. एक कारण असे असावे: व्यक्तिचित्र बहुधा ज्याचे, त्याच्या घरी जाते. ते सहसा दिवाणखान्याबाहेर कुणाला दिसत नाही आणि संग्रहालयातही क्वचितच पोहोचते.

१२ फेब्रुवारी १९५१ रोजी मुंबईत त्यांच्या चित्रांचे प्रदर्शन उघडणार होते. उद्घाटनाच्या काही तास आधी त्यांचे निधन झाले. प्रदर्शन रद्द झाले नाही. आचार्य मागे राहिले, गरिबीतच, आणि १९५४ मध्ये मुंबईतच वारले. नाखमान यांचे इंग्रजी चरित्र लीना बर्नस्टीन यांनी लिहिले. ते २०२० मध्ये प्रसिद्ध झाले.